केंद्रक जागचे हलते तेव्हा

हायड्रोजनच्या अणूचे गणित मांडताना पहिली सवलत घेतली जाते ती केंद्रकाच्या वस्तुमानात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो. त्याला अनंत जड मानले की तो जागचा हलत नाही आणि दोन कणांचा प्रश्न एका कणाचा होऊन बसतो. वर्गात फळ्यावर हे एका वाक्यात उरकते. संशोधनात मात्र ही सवलत कधीतरी परत करावी लागते. वस्तुमान अनंत नाही, त्याला ठरावीक किंमत आहे, हे धरल्यावर उत्तरात जो फरक पडतो त्याला सांत वस्तुमानाचा परिणाम म्हणतात. हा फरक बहुधा हजारात एखाद्या भागाइतका, पुष्कळदा त्याहूनही बारीक असतो. तरीही अणूची ओळख पटवणे, नवे समस्थानिक शोधणे, केंद्रकाचा आकार मोजणे, हिग्ज कण किती तयार होतील याचा हिशेब लावणे, अशी कितीतरी कामे याच फरकापाशी अडली आणि बऱ्याचदा त्याच्याच आधाराने सुटली.

परिणामाचे मूळ साधे आहे. फुगडी घालताना एक गडी थोराड आणि दुसरे लहान मूल असले, तरी थोराड गडी एका जागी खिळून राहत नाही. त्याचेही पाय छोटेसे वर्तुळ काढतातच. तसेच केंद्रक आणि इलेक्ट्रॉन दोघेही आपल्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. गणितात याची सोय सोपी आहे: इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाऐवजी दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज हा किंचित कमी आकडा वापरायचा. केंद्रक अनंत जड असते, तर वर्णरेषांची जागा ठरवणारा रिडबर्ग स्थिरांक दर सेंटीमीटरला १०९७३७.३ आला असता. खऱ्या हायड्रोजनसाठी तो १०९६७७.६ आहे. फरक साठाच्या आसपास, म्हणजे हजारात अर्ध्या भागाहून जरासा जास्त. वर्णपट मोजणारे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लाखात एखाद्या भागाची खात्री देत असत. त्यांच्या नजरेने पाहिले, तर हा फरक बारीक नव्हताच.

नील्स बोर यांना ही गोष्ट १९१३ साली एका आक्षेपातून शिकावी लागली. त्या वर्षीच्या जुलैत त्यांचा हायड्रोजन अणूवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात केंद्रक स्थिर धरले होते आणि सगळी जमवाजमव त्यावरच उभी होती. त्या वेळी एक जुने कोडे पडून होते. हार्वर्डचे एडवर्ड पिकरिंग यांना १८९६ साली पपिस तारकासमूहातल्या झीटा या ताऱ्याच्या वर्णपटात रेषांची एक मालिका दिसली होती. (हा तारा हिवाळ्याच्या अखेरीस महाराष्ट्रातूनही दक्षिणेकडे दिसतो.) मालिका हायड्रोजनसारखी होती, पण हायड्रोजनच्या नेहमीच्या सूत्रात बसत नव्हती, सूत्रात पूर्णांकांऐवजी अर्धे आकडे घातले तरच बसत होती. लंडनच्या आल्फ्रेड फाऊलर यांनी १९१२ साली हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणात विद्युत विसर्जन करून त्याच घराण्यातल्या रेषा प्रयोगशाळेत मिळवल्या आणि त्या हायड्रोजनच्याच समजल्या. बोर यांनी वेगळे सुचवले. या रेषा हेलियमच्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रकाचा भार दुप्पट, म्हणून स्थिरांक चौपट, आणि म्हणूनच ते अर्धे आकडे. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत ई. जे. इव्हान्स यांनी हायड्रोजनची एकही रेषा न दिसणाऱ्या हेलियममध्ये ती मालिका पाहिली.

फाऊलर यांनी मग ‘नेचर’मध्ये नेमके बोट ठेवले. बोर म्हणतात त्याप्रमाणे हेलियम आणि हायड्रोजनच्या स्थिरांकांचे गुणोत्तर बरोबर ४ यायला हवे. मोजमाप सांगते ४.००१६. दशांशानंतर तिसऱ्या घरातला हा फरक. नव्या, धाडसी आणि अजून कोणी फारसा न मानलेल्या सिद्धांताच्या जनकाने असा फरक प्रयोगाच्या त्रुटीवर ढकलला असता, तर कोणाला विशेष वाटले नसते. पण वर्णपटाच्या जाणकारांपुढे ते चालले नसते, आणि बोर यांनी तसे केलेही नाही. ऑक्टोबरमधल्या उत्तरात त्यांनी केंद्रकाला हलू दिले. हेलियमचे केंद्रक हायड्रोजनच्या जवळपास चौपट जड, म्हणून ते कमी हलते आणि त्याचा स्थिरांक अनंत वस्तुमानाच्या किमतीच्या जास्त जवळ असतो. दोन्ही अणूंची खरी वस्तुमाने घालताच गुणोत्तर आले ४.००१६३. फाऊलर यांनी पुढे हे स्पष्टीकरण मान्य केले. त्या शरद ऋतूत बोर यांचे मित्र, रसायनशास्त्रज्ञ हेवेशी यांनी व्हिएन्नात आइन्स्टाइन यांना हेलियमच्या या रेषांची हकीकत सांगितली, तेव्हा ते अतिशय प्रभावित झाल्याचे हेवेशी यांच्या पत्रांतून कळते. खरे तर बोर यांच्या सिद्धांतातली गृहीतके तेवढीच चमत्कारिक राहिली होती. पण दुसऱ्या कोणत्याही कल्पनेतून ४.००१६३ हा आकडा निघत नव्हता. ठोकळ मानाने जमणारे सिद्धांत तेव्हा बरेच होते. पाचव्या-सहाव्या अंकापर्यंत साथ देणारा हा एकच.

या प्रकरणातून वर्णपटाच्या प्रयोगशाळांना एक हत्यार मिळाले. केंद्रक किती हलते हे रेषेच्या जागेवरून कळत असेल, तर रेषा मोजून वस्तुमानांचे प्रमाणही काढता येते. कॅलिफोर्नियात पासाडेना इथे डब्ल्यू. व्ही. ह्यूस्टन यांनी १९२७ साली हायड्रोजन आणि आयनित हेलियमच्या रेषा शेजारी शेजारी मोजून इलेक्ट्रॉनच्या भाराचे त्याच्या वस्तुमानाशी असलेले प्रमाण ठरवले. इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्रात वाकवून मिळणारी तत्कालीन किंमत आणि ही किंमत यांच्यात तफावत आली, आणि ती काही वर्षे वादात राहिली.

हत्याराचा सर्वांत गाजलेला वापर चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये झाला. हायड्रोजनला दुप्पट जड समस्थानिक असेल, तर त्याची प्रत्येक रेषा नेहमीच्या रेषेच्या किंचित निळ्या बाजूला पडेल, आणि किती सरकेल हे आधीच सांगता येते. लाल रेषेशी १.७९ अँगस्ट्रॉम, त्यापुढच्या हिरवट-निळ्या रेषेशी १.३२, जांभळ्या रेषेशी १.१८. कोलंबिया विद्यापीठात हॅरल्ड युरी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज मर्फी यांच्याकडे एकवीस फुटी अंतर्वक्र ग्रेटिंग होते. त्याने एवढे अंतर सहज वेगळे दिसे. अडचण अंतराची नव्हती. जड हायड्रोजन असलाच तर हजारो अणूंमागे एक असणार, म्हणजे मुख्य रेषेचा लखलखाट आणि तिच्या कुशीत जेमतेम उमटणारा डाग. ग्रेटिंगच्या आखणीत थोडीही अनियमितता असली, की तेजस्वी रेषेच्या दोन्ही बाजूंना तिच्या खोट्या छाया पडतात. या धंद्यातले लोक त्यांना भुतेच म्हणतात. शिवाय हायड्रोजनच्या रेणूच्या असंख्य रेषा आसपास पसरलेल्या. साध्या हायड्रोजनच्या प्लेटवर अपेक्षित जागी फिकट खूण दिसली, तरी युरी यांनी ती लगेच छापायला पाठवली नाही. खूण खरी असेल तर जड समस्थानिकाचे प्रमाण वाढवल्यावर ती ठळक व्हायला हवी आणि भुते होती तितकीच राहायला हवीत, असा त्यांचा विचार होता. प्रायोगिक संशोधनातली ही सबुरी पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही. तिथे शोध एका ओळीत लागतो.

प्रमाण वाढवण्याची युक्तीही वस्तुमानावरच आधारलेली होती. जड रेणूची शून्यबिंदू ऊर्जा कमी, म्हणून तो द्रवातून उडून जायला नाखूष. द्रव हायड्रोजन सावकाश उडू दिला, तर मागे उरणाऱ्या थेंबांत जड भाग साचत जातो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्रमाणन संस्थेत फर्डिनांड ब्रिकवेडे यांनी हे काम अंगावर घेतले. पहिला नमुना नेहमीच्या दाबाखाली, सुमारे २० केल्विनला उडवला होता. त्यात काहीच वाढ दिसली नाही. दुसरा कमी दाबाखाली, १४ केल्विनच्या आसपास उडवला. कित्येक लिटर द्रवातून शेवटी काही घनसेंटीमीटर उरले. या नमुन्याच्या प्लेटवर फिकट रेषा ठळक झाली, आणि तीही गणिताने सांगितलेल्या जागीच. युरी १९३१ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवणाला घरी उशिरा पोहोचले ते याच प्लेटमुळे. डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सच्या बैठकीत शोध जाहीर झाला. १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल युरी यांना मिळाले.

पहिला नमुना का फसला, हे नंतर उलगडले. द्रव करण्यासाठी वापरलेला हायड्रोजन पाण्याच्या विद्युत विघटनातून आलेला होता, आणि विघटनात हलका हायड्रोजन आधी सुटतो, जड मागे पाण्यात राहतो. म्हणजे सुरुवातीलाच त्या वायूतला जड भाग निघून गेलेला होता. ज्या परिणामाचा शोध चालला होता त्यानेच नमुन्यातला मुद्देमाल गायब केला होता. दुसरी गंमत शोधाच्या प्रेरणेत आहे. बर्ज आणि मेन्झेल यांनी १९३१ साली रासायनिक अणुभार आणि ॲस्टन यांचे वस्तुमान-वर्णपटलेखकावरचे मोजमाप यांच्यातली तफावत दाखवून जड हायड्रोजन ४५०० त एक असावा असे सुचवले होते, आणि युरी त्या भरवशावर कामाला लागले. ॲस्टन यांनी १९३५ साली आपला आकडा सुधारला, तेव्हा ती तफावत उरलीच नाही. बरोबर आकडा आधी हाती असता, तर शोधाला निमित्तच नव्हते. ड्युटेरियम, म्हणजे हा जड हायड्रोजन, मात्र खराच होता. निसर्गात साधारण ६४०० अणूंमागे एक. म्हणून या प्रकरणात श्रेय द्यायचे तर ते प्रेरणेपेक्षा कसोटीला द्यावे लागते. कसोटी होती १.७९ अँगस्ट्रॉमची, आणि तिच्यात कोणाच्या अंदाजाला वाव नव्हता.

दोन समस्थानिकांच्या वस्तुमानात थेट दुपटीचा फरक दुसऱ्या कोणत्याही स्थिर मूलद्रव्यात सापडत नाही. म्हणून वर्णपटातला हा बारीक सरकाव रसायनशास्त्रात चांगलाच जाणवतो, आणि त्यावर कारखाने चालतात. ड्युटेरियमचे जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, १०१.४ ला उकळते आणि साध्या पाण्याहून सुमारे एक दशांशाने जास्त घन असते. रायगड जिल्ह्यातल्या थळ इथला जड पाणी प्रकल्प शेजारच्या खत कारखान्याच्या वायूतून अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या अदलाबदलीने ड्युटेरियम वेगळे काढतो. ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीत १९६० पासून जड पाणी वापरले गेले. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या, ५४० मेगावॉटच्या भट्ट्याही त्यावरच चालतात.

एकापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूत ही सोपी युक्ती पुरत नाही. अणू एकूण स्थिर असेल, तर केंद्रकाचा संवेग सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित संवेगाच्या उलट असतो. त्याचा वर्ग केला की प्रत्येक इलेक्ट्रॉनचे स्वतःचे पद मिळते, आणि शिवाय जोड्यांची पदे मिळतात. दोन इलेक्ट्रॉन एकाच दिशेने झेपावले, तर केंद्रकाला जास्त हिसका. विरुद्ध दिशांना गेले, तर हिसके एकमेकांना खातात. ह्यूज आणि एकार्ट यांनी १९३० साली लिथियमच्या वर्णपटासाठी हा भाग मांडला. पहिला भाग सोपा. स्थिरांक दुरुस्त केला की झाले. जोड्यांचा भाग मात्र इलेक्ट्रॉन एकमेकांना किती सांभाळून वागतात यावर अवलंबून असतो, आणि नेमकी हीच गोष्ट अंदाजी तरंगफलनांत सर्वांत कच्ची राहते. ऊर्जा चार-पाच अंकांपर्यंत बरोबर देणारे तरंगफलन या एका पदाची किंमत, कधी चिन्हसुद्धा, चुकवू शकते. अणुगणितात हात बसलेली मंडळी नवे तरंगफलन पारखताना ऊर्जेपेक्षा या पदावर जास्त भरवसा ठेवतात, तो उगाच नाही.

जड अणूंकडे जावे तसे चित्र पालटते. वस्तुमान वाढले की समस्थानिकांमधला वस्तुमानाचा परिणाम झपाट्याने घटतो, आणि केंद्रकाच्या आकाराचा परिणाम वाढत जातो, कारण आतले इलेक्ट्रॉन केंद्रकात शिरून येतात. मधल्या अणूंत दोन्ही गुंतलेले असतात. ते वेगळे करण्यासाठी डब्ल्यू. एच. किंग यांनी १९६३ साली सुचवलेला आलेख अजून वापरात आहे: दोन वेगवेगळ्या रेषांचे सरकाव, वस्तुमानाचा हिशेब लावून, एकमेकांसमोर मांडले की बिंदू सरळ रेषेत येतात, आणि तिच्या उताराचा केंद्रकाच्या आकाराशी काही संबंध राहत नाही.

हलक्या अणूंत मात्र वजाबाकी करूनच पुढे जावे लागते, आणि ती किती काटेकोर असू शकते याचे उत्तम उदाहरण हेलियम-६ आहे. या केंद्रकात नेहमीच्या हेलियमहून दोन न्यूट्रॉन जास्त असतात, ते बाहेरच्या बाजूला सैल फिरतात, आणि त्याचे अर्धायुष्य सेकंदाहूनही कमी असते. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत २००४ साली एकेक अणू लेझरने पकडून त्याची जांभळ्यापलीकडची रेषा मोजली गेली. हेलियम-४ च्या तुलनेत ती सुमारे ४३ गिगाहर्ट्झ सरकलेली होती. त्यातला केंद्रकाच्या आकारामुळे पडलेला वाटा जेमतेम दीड मेगाहर्ट्झ. बाकी सगळे वस्तुमानाचे. म्हणजे तीस हजारांतला एक भाग मिळवण्यासाठी उरलेले सगळे गणिताने वजा करायचे, तेही त्या एका भागाचीही दुर्दशा होणार नाही इतक्या अचूकपणे. कॅनडातल्या विंडसरचे गॉर्डन ड्रेक यांच्या गटाने वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली हेलियमची गणिते हाताशी होती, म्हणून हे जमले. केंद्रकाची विद्युतभार-त्रिज्या २.०५ फेमटोमीटरच्या आसपास आली. हेलियम-४ ची १.६७ आहे. जादा न्यूट्रॉनांवर भार नसतो. तरीही त्रिज्या वाढली, कारण त्यांच्या ओढीने आतला गाभा वस्तुमानकेंद्राभोवती हलत राहतो. फुगडीचाच प्रकार, पण आता केंद्रकाच्या पोटात.

वस्तुमाने जवळ येत गेली की ‘किंचित दुरुस्ती’ हा शब्दच सोडावा लागतो. इलेक्ट्रॉनच्या जागी २०७ पट जड म्युऑन बसवला, तर प्रोटॉन त्याच्या फक्त नऊपट जड राहतो. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत २०१० साली अशा हायड्रोजनवरून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेमटोमीटर मिळाली. त्याआधीची मान्य किंमत ०.८८ च्या घरात होती. संशय साहजिकच केंद्रकाच्या हालचालीच्या पदांवरही गेला. अनेक गटांनी त्यांचे गणित पुन्हा केले. एवढी दरी भरून निघेल अशी चूक त्यांत मिळाली नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोडीत तर दोन्ही बाजू समान. तिथे केंद्रक म्हणावे असे काहीच नाही, आणि हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा दुप्पट तरंगलांबीवर, २४३ वर जाते.

आतापर्यंतची उदाहरणे अनंताच्या टोकाकडून सुरू होतात. दुसरे टोक शून्याचे. जास्त ऊर्जेच्या टकरींत इलेक्ट्रॉनचे वस्तुमान शून्य मानण्याचा प्रघात आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चालतो. पायॉनच्या विघटनात चालत नाही. पायॉन म्युऑनमध्ये किंवा इलेक्ट्रॉनमध्ये मोडू शकतो. इलेक्ट्रॉन हलका, त्याला ऊर्जा जास्त मिळते, म्हणून तीच वाट सोपी असायला हवी. प्रत्यक्षात तसे दहा हजारांत जेमतेम एकदा घडते. दुर्बल बलाला कणांचा फिरकीचा एकच हात पसंत असतो, आणि वस्तुमान शून्य असते तर हे विघटन पूर्णपणे बंद झाले असते. जे थोडे घडते ते केवळ इलेक्ट्रॉनच्या सांत वस्तुमानाच्या बळावर. शिकागोच्या १९५७ च्या प्रयोगात ते सापडले नव्हते, आणि नव्याने मांडल्या जाणाऱ्या दुर्बल बलाच्या सिद्धांताची त्यामुळे पंचाईत झाली होती. १९५८ साली जिनिव्हाच्या सर्नमध्ये ते अपेक्षित प्रमाणात दिसले.

एकविसाव्या शतकात या विषयावर सर्वांत जास्त माणूसतास खर्ची पडले ते हिग्ज कणापायी. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये बहुतेक हिग्ज कण दोन ग्लुऑन एकत्र येऊन तयार होतात. ग्लुऑनला वस्तुमान नाही आणि हिग्ज तर वस्तुमानाशीच जोडला जातो. दोघांची गाठ पडते ती मधल्या टॉप क्वार्कच्या वेढ्यातून. टॉपचे वस्तुमान सुमारे १७३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, हिग्जचे १२५. टॉप अनंत जड मानला, तर वेढा एका बिंदूत आकसतो आणि गणितातली एक अख्खी पायरी गळून पडते. इथे एक विलक्षण गोष्ट आहे. जड कण सहसा वस्तुमान वाढेल तसा हिशेबातून बाहेर पडतो. इथे वस्तुमानाबरोबर हिग्जशी असलेली जोडणीही वाढते, दोन्ही एकमेकांना तोलतात, आणि वेढ्याचे योगदान एका ठरावीक किमतीला येऊन थांबते. त्यामुळे क्वार्कांची आणखी एक जड पिढी असती, तर हिग्जची निर्मिती नऊपटीच्या आसपास गेली असती. २०१२ नंतर मोजलेल्या आकड्यांनी ती शक्यता जवळजवळ निकालात काढली.

आता हे गृहीतक कितपत खरे? हिग्जच्या वस्तुमानाचे टॉपच्या दुपटीशी, म्हणजे सुमारे ३४५ शी, असलेले गुणोत्तर वर्ग करून पाहिले तर ०.१३ येते. हिशेब पायरीपायरीने अधिक अचूक करत नेतात; पहिल्या पायरीवर खऱ्या वस्तुमानाने उत्तर सहा टक्क्यांहून थोडे जास्त वाढते. पुढच्या पायऱ्यांत आणखी ग्लुऑन बाहेर पडतात, गणित बेसुमार वाढते, आणि संशोधकांनी तिथे एक तडजोड केली: पुढच्या पायऱ्या अनंत वस्तुमानात करायच्या आणि सगळ्यांना पहिल्या पायरीच्या त्या खऱ्या गुणोत्तराने गुणायचे. हे चालायला नको होते, कारण टकरीतल्या काही ग्लुऑनांची ऊर्जा ३४५ च्या खूप वर असते. तरी चालले. बहुतेक हिग्ज उंबरठ्यापाशी, मंद ग्लुऑनांच्या सोबतीने तयार होतात, आणि मंद ग्लुऑनला त्या वेढ्याच्या आत डोकावता येत नाही. दुसऱ्या पायरीचे खऱ्या वस्तुमानाचे गणित स्पिरा आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पूर्ण केले, तेव्हा तडजोडीला आधार मिळाला. तिसरी पायरी २००२ साली हारलांडर-किल्गोर आणि अनास्तासिऊ-मेल्निकोव्ह या दोन जोड्यांनी अनंत वस्तुमानात गाठली. पाठोपाठ २००३ साली व्ही. रवींद्रन, स्मिथ आणि फान नीर्वेन यांनी वेगळ्या वाटेने तेच उत्तर आणले. चौथी २०१५ ची.

या साऱ्याची जमाबेरीज २०१६ सालच्या एका हिशेबात पाहायला मिळते. १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टकरींसाठी हिग्जनिर्मितीचे एकूण प्रमाण ४८.५८ पिकोबार्न. त्यात १६.०० पहिल्या पायरीचे, २०.८४ दुसऱ्या, ९.५६ तिसऱ्या, १.४९ चौथ्या, विद्युत-दुर्बल बलाचे २.४०, आणि वस्तुमानांचे दोन वेगळे रकाने. टॉप, बॉटम आणि चार्म क्वार्कची खरी वस्तुमाने दुसऱ्या पायरीपर्यंत धरल्यामुळे वजा २.०५, आणि तिसऱ्या पायरीवर टॉपच्या सांत वस्तुमानामुळे अधिक ०.३४. वजा चिन्ह मुख्यतः बॉटमचे. चार-पाच गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा हा हलका क्वार्क एकटा नगण्य, पण टॉपच्या योगदानाशी त्याचा व्यत्यय उलट चिन्हाने होतो. त्या तिसऱ्या पायरीच्या रकान्याला एक टक्क्याची अनिश्चितताही जोडली होती. चाकोन, हारलांडर, क्लापर्ट आणि निगेटीड्ट यांनी २०२१ साली टॉपचे पूर्ण वस्तुमान धरून ती पायरी सोडवली. पूर्वीच्या अंदाजी हिशेबाहून उत्तर पाव टक्क्याच्या आसपास कमी आले. वर्षांची मेहनत आणि पाव टक्का, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण पाव टक्का हे नुसते उत्तर झाले. त्याने एक टक्क्याची अनिश्चितता पुसली.

अशा गटांत काम करणाऱ्यांना अनंत वस्तुमानाचे उत्तर पूर्ण गणित झाल्यावरही टाकून देता येत नाही. नवा प्रोग्राम लिहिला की पहिली चाचणी तीच: टॉपचे वस्तुमान एकदम हजारो गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट करायचे आणि जुना, ज्ञात आकडा परत येतो का ते पाहायचे. आला नाही, तर चूक कुठे आहे ते कळत नाही, पण आहे हे नक्की कळते. जिथे असा आधार संपतो तिथे काम अवघड होते. हिग्जला मोठा आडवा संवेग मिळाला, की समोरचा ग्लुऑन इतका जोरकस असतो की त्याला वेढा बिंदूसारखा दिसत नाही; तिथे अनंत वस्तुमानाचे गणित खऱ्याहून जास्त हिग्ज दाखवते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या सीएमएस प्रयोगासारख्या ठिकाणी याच भागात नव्या कणांच्या खुणा शोधल्या जातात. गणिताची उणीव नवा शोध म्हणून पुढे येऊ नये, यासाठी खरे वस्तुमान धरणे तिथे सक्तीचेच आहे.

दोन हिग्ज एकदम तयार होण्याच्या प्रक्रियेत तर आधार सुरुवातीपासूनच नाही. दोघांना मिळून किमान २५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि बहुसंख्य जोड्या ३४५ च्या पुढेच जन्मतात. बोरोव्का आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दुसरी पायरी टॉपच्या खऱ्या वस्तुमानासह सोडवली. त्यातले कित्येक समाकल कागदावर सुटत नव्हते. ते ग्राफिक्स प्रोसेसरांवर आकड्यांनी सोडवावे लागले. १४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला एकूण उत्तर आधीच्या अंदाजी गणिताहून १४ टक्क्यांनी खाली आले, आणि जास्त ऊर्जेच्या शेपटाकडे फरक आणखी वाढत गेला. पूर्ण वस्तुमान धरल्यावर एक वेगळाच प्रश्न समोर आला: कोणते वस्तुमान? क्वार्क एकटा सापडत नाही, त्याचे वस्तुमान गणिताच्या व्याख्येनुसार ठरते, आणि दोन प्रचलित व्याख्यांतून जोडहिग्जची दोन निराळी प्रमाणे येतात. त्या प्रक्रियेच्या अंदाजातल्या सर्वांत मोठ्या अनिश्चिततांपैकी एक सध्या हीच आहे, आणि ती कमी करण्यासाठी तिसरी पायरी टॉपच्या खऱ्या वस्तुमानासह गाठावी लागेल.